चुडा भरायच्या दिवशी

"कुत्रं बांधून ठेवलंय ना?" डॉक्टरांनी विचारले.

लोणावळ्याच्या दवाखान्याच्या दारात रखमाजी पागोटे सावरत उभा होता. हा प्रश्न कधी येतो याची तो वाटच पाहत होता, कारण त्याचे उत्तर त्याच्याजवळ तयार होते आणि त्या उत्तराचा त्याला अभिमानही होता.

"बांधून कशाला ठिवू, डाक्टरसायेब? जागच्या जागी मारला. कुऱ्हाडीच्या दांड्यानं."

डॉक्टरांनी मान वर केली नाही. ते रोशनबीच्या पोटरीवरची जखम साबणाच्या पाण्याने धूत होते. रखमाजीच्या घरच्या बायांनी तीत मूठभर तिखट भरून ठेवले होते, ते निघता निघत नव्हते. बिचारी ओठ दाताखाली धरून बसली होती.

डॉक्टरांना नीट ऐकू गेले नसावे, असे रखमाजीला वाटले. म्हणून त्याने सगळे पुन्हा सांगितले. आंदर मावळातले त्याचे घर, घरात लेकीचे लग्न, मांडवात व्याही बसलेले, आणि ही रोशनबी काल नवरीला चुडा भरायला आलेली. चुडा भरणारीचा लग्नघरात मान मोठा. बांगड्या भरून झाल्या की नवरी तिच्या पाया पडते. घरच्याच कुत्र्याने अशा बाईचे रक्त दारात सांडल्यावर घरधन्याने काय हाताची घडी घालून बसायचे? रखमाजीचा स्वभाव मुळातच एक घाव दोन तुकडे. व्याह्यांनी तर त्याची पाठ थोपटली होती. न्याय असावा तर असा, म्हणाले होते.

"डोकं तरी आणलंत?"

"कुनाचं?"

"कुत्र्याचं. मुंबईला पाठवून तपासता आलं असतं."

"ते वढ्यापल्याड टाकलं, सायेब. राती तरसांनी वढून न्हेलं."

डॉक्टरांनी हात पुसले आणि खुर्ची ओढून ते बसले. आवाज त्यांनी चढवला नाही. चढवला असता तर रखमाजीला ते सोपे गेले असते.

"चावलेलं कुत्रं मारायचं नसतं, रखमाजी. बांधायचं, खायला घालायचं आणि दहा दिवस बघायचं. पिसाळलेलं असलं तर तेवढ्यात आपोआप मरतं. तुमचं जगलं असतं, तर या बाईला मी पट्टी बांधून घरी पाठवलं असतं. आता ते पिसाळलेलं होतं की नव्हतं, हे कोण सांगणार? तो रोग एकदा उठला की माणूस वाचत नाही. म्हणजे पिसाळलेलंच होतं, असं धरून चालायचं. आजच्या गाडीनं मुंबई गाठा. रोज एक सुई, पोटात. चौदा सुया."

ही सुई तेव्हा लोणावळ्यात मिळत नव्हती.

"पिसाळल्यालं न्हवतं त्ये," रोशनबी म्हणाली. आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलत होती. "माज्या डोक्यावर टोपली, खालचं दिसंना. त्यो भिताडाकडंला निजला हुता. म्या भरली टोपली त्याच्या पायावर ठिवली. चावंल न्हाई तर काय करंल?"

"मग हे तेव्हाच का नाही सांगितलंस?" डॉक्टरांनी विचारले.

"सांगितलं की. मारू नगा आबा, माजी चूक हाय, म्हनलं." तिने रखमाजीकडे पाहिले नाही. "दोनदा म्हनलं."

रखमाजीला आठवले. ती काहीतरी ओरडत होती खरी. दुखते म्हणून ओरडते आहे, असे त्याला वाटले होते. खरे तर तसेही वाटले नव्हते. त्याचे सगळे ध्यान व्याह्यांच्या तोंडाकडे होते. ज्या बाईसाठी न्याय करायचा तिला एका शब्दाने विचारावे, हे त्याच्या गावीही नव्हते. आता त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

रोशनबीची सासू उम्मेहानी नातवाला खांद्यावर टाकून ओसरीवर बसली होती. ती उठून आत आली.

"डाक्टर, आमाला दावा लावता यील का?"

"येईल. कुत्रं ज्याचं, त्यानं खर्च भरायचा. कोर्टही तेच सांगेल."

"दावा कशापायी, मावशी? जान्यायेन्याचा, ऱ्हान्याचा, समदा खर्च माजा," रखमाजी घाईघाईने म्हणाला. आपल्या हातून होण्यासारखे काहीतरी सापडले, म्हणून त्याला क्षणभर हायसे वाटले.

म्हातारीने त्याच्याकडे लक्ष दिले नाही. तिने पोर सुनेपुढे धरले. पोर कालपासून शेळीच्या दुधावर होते; आई दिसताच त्याने अंग झोकून दिले. रोशनबीचे हातही पुढे आले. मग ती थांबली.

"डाक्टर, पाजू का?"

डॉक्टरांनी थोडा विचार केला. "पाज. काही होणार नाही. बहुतेक."

रोशनबीने दोन्ही हात मागे घेतले आणि पदराखाली गच्च धरले. पदर दुधाने भिजत चालला होता. पोर रडू लागले.

"अगं, घे की," उम्मेहानी म्हणाली. "त्ये म्हंत्यात न्हवं?"

"नगं. पक्कं कळल्याबिगर नगं."

"आनि कळनार कसं?"

उत्तर रखमाजीकडून आले. ते त्याने कोणाकडेही न बघता दिले.

"सांगनारा योकच हुता, मावशी. म्या दांडा उचलला, तवाबी त्यो शेपूट हालवत माज्याकडंच आल्ता."