दोराच्या पोटातला धागा

मसाल्याच्या बेटांची नवी वाट शोधून जहाज परतलं, तसं कप्तानानं थेट दोर वळणाऱ्या म्हाताऱ्या उस्तादाच्या कारखान्यात येऊन नांगराचा दोर त्याच्या पुढ्यात टाकला. “बाकीचे तुटले, हा एकटा वादळाला पुरून उरला. ज्यानं वळला, त्यालाच पुढच्या सफरीचं काम.” उस्तादानं मिशीला पीळ दिला. “त्यात विचारायचं काय?” प्रत्येक दोराच्या पोटात वळणाऱ्याच्या रंगाचा धागा असे, उस्तादाचा लाल, लेकीचा निळा. तिचा एकच दोर जहाजावर चढला होता, तोही ऐनवेळी एक कमी पडला म्हणून. ती कोपऱ्यात ताग विंचरत होती. उस्तादानं ऐटीत सुरी चालवली, पीळ उलगडला, आणि आतून निळा धागा डोकावला. “हा रंग कुणाचा?” कप्तानानं विचारलं. म्हातारा तो धागा लेकीच्या मनगटाला बांधत गरजला, “उस्तादाचा! आणि मी उस्तादाचा बाप.”