काळी पट्टी

पंचांनी शिट्टी तोंडातून काढली आणि नऊ नंबरच्या कपाळाकडं बोट केलं. बाकी चौघांच्या डोक्याला लाल पट्टी, याच्या डोक्याला काळी. एका संघात एकच रंग चालतो. लाल बांध, नाहीतर काढून खेळ, एवढं सांगून पंच मध्यरेषेवर जाऊन उभे राहिले. सामना अजून सुरू व्हायचा होता.

वर पायऱ्यांवर बसलेल्या हरणाबाईला यातलं काही ऐकू आलं नाही. मेंढरं राखणारी बाई, तिला बास्केटबॉलमधलं काय कळणार? नऊ नंबर तिचा रविराज. त्याला खेळताना एकदा बघावं म्हणून ती सकाळच्या एसटीनं आटपाडीकडून एकटीच सांगलीला आली होती. राज्याचा संघ निवडणारी माणसं आज येणार, त्यांच्या नजरेत भरलो तर सोनं होईल, असं त्यानं फोनवर सांगितलं होतं. आणि तू वरच बस, खाली येऊ नको, हेही. का म्हणून तिनं विचारलं नव्हतं.

शेजारी उंब्रजचे लालासाहेब बसले होते. पलटणीतून निवृत्त झालेले, घरचा ऊस, आणि बोलायला कुणी सापडलं की सोडायचे नाहीत. त्यांचा शंभूराज याच संघात. बाईला खेळातलं कळत नाही हे ओळखून त्यांनी तिला शिकवायलाच घेतलं. पट्टी कशाला, तर घामाला. घाम डोळ्यांत उतरला की चेंडू दिसत नाही. पलटणीत असताना ते आणि त्यांचे सोबती रुमालाची घडी बांधायचे. पुढं टीव्हीवर परदेशी खेळाडूंच्या डोक्याला पट्ट्या दिसायला लागल्या, ते बघून इथली पोरं बांधायला लागली, आणि आता घाम येवो न येवो, पट्टी पाहिजेच. आमचे चिरंजीव तर पट्टी बांधल्याबिगर जेवायला बसत नाहीत, म्हणाले.

"पर ह्या कॉलेजात ही टूम आनली कुनी, म्हायताय का?" त्यांनी खाली बोट केलं. "त्या नऊ नंबरच्या पोरानं. आला तवापास्नं त्येचं कपाळ कुनी उघडं बघितलं न्हाई. त्येचं बघून मग सगळ्यांनी बांधल्या. लय ऐटबाज गडी."

त्यो माझा ल्योक, हे हरणाबाईच्या अगदी ओठावर आलं होतं. ते तिनं गिळलं. त्या पट्टीखाली काय आहे हे एवढ्या गर्दीत तिला एकटीलाच ठाऊक होतं. रविराज तान्हा असताना मेंढरांमागं रानात त्याला आकडी आली. डॉक्टर कुठला तिथं? थोरामोठ्यांनी कपाळाला डाग द्यायला सांगितलं. पोराचं डोकं तिनं मांडीत घट्ट धरलं आणि तापलेली सळईही तिनंच टेकवली. पोर वाचलं. डाग पोराबरोबर वाढत गेला.

खाली शंभूराजनं आपली लाल पट्टी काढून रविराजच्या हातात दिली. दिलदार पोरगं. या नव्या पट्ट्या बाकीच्यांनी हौसेनं मिळून आणलेल्या, जेमतेम दोन बोटं रुंद. रविराजनं ती ताणून बघितली. एवढ्याशात तो डाग झाकायचा नाही, हे हरणाबाईनं वरूनच ओळखलं.

तसं बघितलं तर चौघांनी लाल पट्ट्या काढून ठेवल्या असत्या तरी भागलं असतं. एकट्याची काळी मग कुणाला खुपली नसती. पण ते कुणाच्या डोक्यात आलं नाही. रविराजच्या आलंही असेल, पण मग का ते सांगावं लागलं असतं. त्यानं पट्टी शंभूराजला परत दिली, प्रशिक्षकांना काहीतरी पुटपुटला आणि बाकावर जाऊन बसला. त्याच्या जागी दुसरा पोरगा उतरला आणि सामना सुरू झाला.

लालासाहेब भडकले. निवडणारी माणसं समोर बसलीत आणि हा एका फडक्यापायी खेळायचं सोडतोय, एवढा माज बरा नव्हे, असं ते चार पायऱ्या खाली ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलले. आणि वर हरणाबाईलाच विचारलं, व्हय का न्हाई, ताई?

हरणाबाई उठली. "माज न्हाई, दादा. त्यो माझा ल्योक हाय," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरायला लागली.

खाली यायचं नाही हे तिच्या ध्यानात होतं. पण आता कसलं वर बसणं? ती बाकामागं जाऊन उभी राहिली तसं रविराजनं मान वळवली. चिडेल असं तिला वाटलं होतं. तो चिडला नाही, आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

"काढ ती पट्टी आन् जा खेळाय," ती हळू आवाजात म्हणाली. "कुनी इचारलं तर माझं नाव सांग. आईनं डाग दिला म्हनून जित्ता हाय म्हनावं. लाज वाटायची ती मला वाटू दे."

तेवढ्यात समोर शंभूराजनं बास्केट केली. सगळं मैदान ओरडलं. रविराजनंही टाळ्या वाजवल्या, मग पट्टी भुवयांपर्यंत खाली ओढून घेतली.

"कुनी इचारतच न्हाई, आये," तो म्हणाला. "नुसतं बघत्यात."