वीस वावांची टेकडी

टोर्गेरनं आत येऊन दार लावलं, कडी घातली, मग कडी नीट बसली का तेही पाहिलं.

टेबलावर सरकारी नकाशाचा कच्चा कागद पसरला होता. प्रोफेसर हेस्टाद दोन उन्हाळे होडीतून हिंडून, शिसं बांधलेली दोरी तळाला सोडून खोली मोजत नॉर्वेचा हा किनारा कागदावर उतरवत होते. आज बेटावरच्या कोळ्यांनी येऊन चुका सांगायच्या होत्या.

"एकच चूक आहे," टोर्गेर कुजबुजला. त्याचं बोट समुद्रातल्या एका ठिपक्यावर टेकलं. "हे खोडा."

"तिथं पाण्याखाली टेकडी आहे. वीस वाव, म्हणजे एकशेवीस फूट खोल. मी स्वतः मोजलीय."

"आहेच हो! होडीतून पाहताना चर्चचा मनोरा लाल कोठाराच्या बरोब्बर मागे गेला, की गळ सोडायचा. कॉड माशांनी होडी भरते. आजोबांनी मरताना बाबांना सांगितलं, बाबांनी मरताना मला. बायकोलासुद्धा ठाऊक नाही. छापलंत, तर माझ्या घरानं खायचं काय?"

प्रोफेसरांनी उठून आतल्या खोलीचं दार उघडलं. आत सहा कोळी कॉफी पीत बसले होते.

"या, सातवे," प्रोफेसर म्हणाले. "यांनाही हाच ठिपका खोडायचाय. आजोबा तेवढे वेगळे."

सहाही जण आपापल्या कपात पाहू लागले. टोर्गेर त्यांच्यातल्या सिवर्टकडे वळला.

"नाताळात तू तिथं हरवलेला नांगर शोधत होतास ना रे?"

"आणि तू धुक्यात वाट चुकला होतास. अकरा वर्षं. लख्ख उन्हात."

शेजारी बसलेल्या एइलर्टच्या नाकातून कॉफी बाहेर आली. मग खोलीत कोणालाच हसू आवरेना.

"तरी खोडाच," टोर्गेर डोळे पुसत म्हणाला. "पलीकडच्या बेटावर कळलं तर?"

"ते काल येऊन गेले. नऊ जण. एकेकटे."

"म्हणजे सोळा घरं तिथलंच खातायत," सिवर्टनं बोटांवर मोजून हिशेब केला. "आणि कॉड काही कमी झाला नाही!"

प्रोफेसरांनी खोडरबर पुढे केलं. टोर्गेरनं ते हळूच मागे सारलं.

"राहू द्या. मग उद्यापासून मला तिथं गाता येईल. मासा लागला की गावंसं वाटतं हो. कोणी ऐकेल म्हणून चाळीस वर्षं दाबून धरलंय."

"वाईट गातोस?" एइलर्टनं काळजीनं विचारलं.

"फार," टोर्गेर खुशीत म्हणाला.