एकच छप्पर

वसुली अधिकारी दळवी खाजणवाडीत आले, तेव्हा कोळणी शेवटच्या गल्लीवर ताडपत्री ताणत होत्या. होड्यांवरच्या ताडपत्र्या शिवून त्यांनी गावातली सगळी घरं जोडून टाकली होती.

पोलीस ठाणं बंद झाल्यापासून गावावर पहाऱ्याचं यंत्र उडायचं. त्याची पट्टी दर छपरामागे होती. गावातल्या द्वारकाबाईंनी ती भरली नव्हती; म्हणूनच परवा त्यांचं दार चोर फोडत असताना यंत्र वरून सरळ निघून गेलं. आता त्याला खाली एकच छप्पर दिसत होतं, आणि एका छपराची पट्टी गावाने भरली होती.

"सरपंचबाई, ताडपत्र्या शिवून गावाचं एक घर होत नाही," दळवी म्हणाले.

सरपंच चांगुणाबाई दाभणात दोरा ओवत राहिल्या.

"आणि साहेब, यंत्र उडवून ठाणं होतं?"