दारापर्यंत

शाळेतली कारकुनी आटोपली की भागवत भोकरदनमध्ये पार्सलं पोचवायचा. त्याचा स्वतःचा अर्ज कंपनीने अजून मंजूर केला नव्हता, म्हणून तो उन्हाळ्यात अपघातात गेलेल्या थोरल्या भावाच्या, रामेश्वरच्याच नावाने काम करत होता. आईला, उषाबाईंना, त्याने हे सांगितलं नव्हतं.

या आठवड्यात तिसऱ्यांदा स्वतःच्याच घरचं पार्सल त्याच्या वाट्याला आलं. आधीच्या दोन्हींतून कंगवे निघाले होते.

"माय, दुकान समोर हाय, अन् तू मोबाइलवर कंगवे मागून राह्यली! डोक्यावर केस किती, कंगवे किती?"

उषाबाईंनी मोबाइल त्याच्यापुढे धरला. पडद्यावर रामेश्वरचा हसरा फोटो होता. खाली लिहिलं होतं, 'रामेश्वर तुमच्या घरी पोहोचत आहे.' नकाशावरची इवलीशी गाडी त्यांच्या गल्लीत शिरून दाराशी थांबली होती.

भागवत चाचरला. "माय, मी तुला सांगणारच होतो..."

"मला माहीत हाय रे," त्या म्हणाल्या. "उद्या फक्त जरा सावकाश ये. तू दारात आला, की तो दिसायचा बंद होतो."