जोडाचा चटका

जोडात तप्त वायू सोडला, तशी हर्षालीच्या मनगटाभोवती ऊब पसरली. रॉकेटच्या दोन खंडांमधला जोड हवाबंद ठेवणाऱ्या सीलमध्ये आता संवेदनतंतू असत. सीलला जिथे धग लागे, तिथेच ती चाचणी घेणाऱ्याच्या मनगटावर उमटे. चटका बसला की ओरडायचं, वायू लगेच बंद होई.

"कसं वाटतंय?" बर्वेसरांनी विचारलं.

"ठीक आहे, सर."

चाचणी पार पडली. जोड उघडला, तर उष्णतारोधक अस्तर फाटून सीलचा कोळसा झाला होता. भेग आधी कुठे पडली, हे आता कळणार नव्हतं.

"चटका कधी बसला?"

"सुरुवातीलाच. पण सोसवत होता."

"रॉकेटचं घन इंधन एकदा पेटलं की विझवता येत नाही, हर्षाली. वर माणसं बसायची आहेत." सरांनी तिच्या मनगटाकडे पाहिलं. "इतकं सोसायला कुणी शिकवलं?"

"घरीच. भाकरी करताना हात भाजला, तरी आई म्हणायची, बाईच्या जातीनं एवढ्यातेवढ्याला ओरडू नये."

"उद्या पुन्हा तूच बस. फक्त ओरड."

दुसऱ्या दिवशी नवा जोड लावला. वायू शिरला आणि मनगटाच्या आतल्या बाजूला बारीकसा चटका बसला. सवयीनं तिचे ओठ मिटले. मग ती ओरडली, "आई गं."

वायू बंद झाला. बर्वेसर धावत तिच्याजवळ आले.

"कुठे लागलं?"

तिनं मनगटावर बोट ठेवलं. जोड उघडला. अस्तराला नेमकी तिथेच केसाएवढी भेग होती, सील मात्र शाबूत होतं.

हर्षालीच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं तर आता काहीच दुखत नव्हतं.