मागची सीट

"एकोणतीस वर्षांत हिने मला रस्त्यात एकदाही उतरवलेलं नाही," मालक म्हणाले, आणि चौकाच्या ऐन मध्यावर गाडी दोन आचके देऊन बंद पडली.

शेजारी जुन्या गाड्यांच्या मंडळाचे चिटणीस बसले होते, मांडीवर वही घेऊन. मंडळाच्या वार्षिक फेरीत सगळ्यांच्या पुढे कुणाची गाडी चालणार, हे त्या वहीत ठरायचं. मालक अकरा वर्षं त्या जागेवर डोळा ठेवून होते. आतापर्यंत सगळं कसं झकास चाललं होतं. चिटणिसांनी लाकडी डॅशबोर्डवर दोनदा हात फिरवला होता, चामड्याच्या सीटचा वास घेतला होता, 'विलायती ती विलायतीच' असंही म्हणून झालं होतं.

मागून हॉर्न सुरू झाले. चिटणीस इस्त्रीच्या शर्टानिशी खाली उतरले, एका सायकलवाल्याने हात लावला, आणि गाडी कशीबशी कडेला दवाखान्याच्या भिंतीशी आली.

मालकांनी किल्ली फिरवून कान दिला. किल्ली फिरवली की मागच्या सीटपुढच्या पत्र्याखाली पेट्रोलचा पंप टकटक करायला लागतो, मग गाडी चालू होते. आज टकटक नव्हती. पंप अडकला होता. दुखणं जुनं, औषधही ठाऊक: पत्र्यावर नेमक्या जागी ठोका द्यायचा. पण तो ठोका मालकांनी कधी दिलाच नव्हता. तो द्यायची बायको, मागे बसून, टाचेने. गाडीने जरा आचका दिला की ती बोलता बोलता टाच आपटायची, पुढे बसलेल्या पाहुण्याला पत्ताही लागायचा नाही. लोक म्हणायचे, वहिनी राणीसारख्या मागे बसतात. मालकही हसायचे.

"एका मिनिटाचं काम आहे," म्हणत त्यांनी मागचं दार उघडलं. मुठीने ठोकलं, मग बुटाने. इकडे ठोकलं, तिकडे ठोकलं. पत्रा नुसताच वाजला.

सकाळी ती तयार होऊन पायरीवर आली होती, खांद्याला पर्स अडकवून. "तू कशाला?" ते म्हणाले होते. "आज कामाची माणसं बसणार आहेत." "अहो, पण तो पंप..." तिने हळूच म्हटलं, तर त्यांनी डोळे वटारले होते. चिटणीस म्हणाले, येऊ द्या की त्यांना. त्यावर मालक मोठ्याने हसले होते. "हिला गाडीतलं काय कळतंय? मागे बसून पेंगते नुसती."

आता मालक हात झटकत मागच्या दारातून बाहेर आले.

"मिस्त्रीला बोलावतो," ते म्हणाले आणि त्यांनी फोन लावला. चिटणीस हाताच्या अंतरावर उभे होते. "हॅलो, मिस्त्री, जरा येता का? दवाखान्याच्या चौकात. गाडी बंद पडली आहे."



"येते," पलीकडून बायको म्हणाली.

मालकांचे कान तापले. एवढ्या संसारात त्यांनी तिला अहो-जाहो पहिल्यांदाच केलं होतं, आणि तेही खोटं.

पाव तासाने ती चालत आली. अंगावर सकाळचेच कपडे होते, बाहेर निघायला घातलेले. तिने ते बदललेच नव्हते. मालकांनी ते पाहिलं आणि ते उगाच पुढच्या चाकाकडे बघत राहिले.

"चष्मा विसरलात," ती म्हणाली. पर्समधून तिने एक काडी मोडलेला, कधीच टाकून दिलेला जुना चष्मा काढून त्यांच्या हातावर ठेवला. मग चिटणिसांना म्हणाली, "जरा टेकते हं भाऊ. चालून पाय दुखले."

"बसा, बसा. मिस्त्री येतोच आहे."

ती मागे आपल्या जागी बसली. मालक पुढे बसले आणि त्यांनी किल्ली फिरवली. टाचेचे दोन हलके ठोके पडले, मग एक जोराचा. पत्र्याखाली टकटक सुरू झाली आणि इंजिन पहिल्याच झटक्यात चालू झालं.

"वा!" चिटणीस आत येऊन बसले. "मिस्त्री यायच्या आतच? वहिनी, पायगुण बरं का तुमचा." त्यांनी वही उघडली. "अहो, जुनी गाडी कुणाची बंद पडत नाही? पण आपली आपण उठली, याला खानदान म्हणतात. चला, यंदा पहिली गाडी तुमची." ते लिहायला लागले आणि मध्येच थांबले. "तेवढं त्या मिस्त्रीला कळवून टाका. बिचारा अर्ध्या वाटेत असेल."

मालकांनी फोन हातात घेतला. लावायचं नाटक करायला कितीसा वेळ लागणार होता? तेवढ्यात त्यांची नजर आरशात गेली. मागे ती खिडकीबाहेर बघत होती, आणि एक हात पर्समध्ये घालून, वाजू नये म्हणून स्वतःचा फोन बंद करत होती.

मालकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"साहेब, लिहू नका," ते म्हणाले. "मिस्त्री मघाशीच आलाय."

"कुठे?" चिटणिसांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं.

"मागे. तिची टाच लागते तेव्हा हा पंप चालतो. दर वेळी. मला ती जागासुद्धा माहीत नाही. आणि सकाळी तुमच्यासमोर मी हिला..."

चिटणिसांनी पेनाला टोपण लावलं. इंजिन धडधडत होतं. आरशाकडे बघायचं धाडस काही मालकांना होईना. ते मांडीवरच्या मोडक्या चष्म्याकडे बघत बसून राहिले.

"चालू आहे तोवर निघा," मागून ती म्हणाली.